वाटीवरून टोप

१

भिवंडीत शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, त्यामुळे माणसं काय बोलतात ते त्या दिवशी ऐकू येतं. बाकीचे सहा दिवस आम्ही एकमेकांचे ओठ बघून भांडतो. म्हणूनच एकोणीसशे एकोणनव्वदच्या वैशाखात एका शुक्रवारी दुपारी देवळामागच्या खोलीतून कमळ "टोप न्हाय" एवढंच म्हणाली, आणि ते सगळ्या आळीने ऐकलं.

टोप म्हणजे आमच्या भांडी मंडळाचा पितळी टोप. तीनशे पानांचा भात त्यात एका वेळी शिजायचा. आळीत लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो, मंडळाकडे अर्ज करायचा आणि भांडी घेऊन जायची, अशी पद्धत. प्रत्येक भांड्यावर मंडळाचं नाव कोरलेलं, चमच्यांवरसुद्धा. टोपावर तर देणाऱ्याचं नाव, गाव, तिथी आणि 'आत खरकटे ठेवू नये' ही सूचना, इतका मजकूर होता की भात शिजेपर्यंत आचाऱ्याला वाचायला पुरायचा. असा टोप विकता येत नाही, माळ्यावर चढत नाही आणि कॉटखाली जात नाही. तरी तो नव्हता.

कमळ अठरा वर्षं ही भांडी घासत आणि सांभाळत होती. त्या दिवशी टोप न्यायला आली होती ती मात्र स्वतःच्या कामासाठी. तिच्या मुलीचं, मैनाचं लग्न बुधवारी होतं. मुलगा पडघ्याचा, ट्रकच्या ऑफिसात क्लार्क. खोलीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन: एक कमळकडे, एक मंडळाच्या अध्यक्षांकडे.

अध्यक्ष चिंतामणराव लेले पाच मिनिटांत हजर झाले. लेले म्हणजे निवृत्त हेडमास्तर, विषय गणित. आळीतली निम्मी माणसं त्यांच्या हातून नापास झालेली, त्यामुळे त्यांना मान मोठा. त्यांनी रिकाम्या खोलीकडे पाहिलं, कमळकडे पाहिलं, आणि चष्मा पुसला.

"पातेलं गेलं," ते म्हणाले. टोपाला पातेलं म्हणणारे आळीत ते एकटेच. "किल्ल्या दोन. एक माझ्याकडे. म्हणजे उदाहरण सुटलं."

"मास्तर, मी कशाला नेऊ? मीच तं मागायला आली."

"तीच हुशारी. गेल्या महिन्यात वाटी नेलीस की नाही?"

कमळने मान हलवून हो म्हटलं.

"जी बाई वाटी सोडत नाही, ती पातेलं सोडेल? याला म्हणतात कल वाहोमेर."

शब्द कुणालाच कळला नाही, पण कायद्यातला वाटला. नळावरच्या पुतळाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला सांगितलं की एवढं मोठं कलम लागल्यावर बाई काही सुटत नाही.

त्या गर्दीत शब्दाचा अर्थ ठाऊक असलेला एकच माणूस होता. त्याने मान खाली घातली. लेल्यांना तो शब्द शिकवला होता त्यानेच.

२

दानियाल झिराडकर हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. आळीतलं एकुलतं एक बेने इस्राएल ज्यू घर त्यांचं. मुलगा-सून इस्रायलात अश्दोदला, पत्नी फोटोत, आणि काका संध्याकाळी पारावर. तीस वर्षं ते जिल्हाभर हिंडून दुकानदारांची पोकळ वजनं पकडत होते. पितळी वजन फरशीवर टेकवून नुसत्या आवाजावरून ते किती ग्रॅमने खोटं आहे हे सांगायचे. दुकानदार त्यांना घाबरत, आणि निवृत्तीनंतर अर्धा किलो साखर पाऊण किलो भरेल अशी देत.

महिन्याभरापूर्वी पारावर लेल्यांनी विचारलं होतं, "झिराडकर, तुमच्या धर्मात तर्कशास्त्र आहे का हो?"

"भरपूर. आमच्या पोथ्यांचा अर्थ लावायचे नियमच आहेत. त्यातला पहिला कल वाहोमेर. म्हणजे हलकं आणि जड. हलक्या गोष्टीत जे लागू, ते जड गोष्टीत अधिकच लागू."

"आमचा कैमुतिक न्याय. हत्ती वाहून गेला, तिथे शेळीचं काय विचारायचं?"

"तोच. फक्त आमच्याकडे त्याला एक..."

तेवढ्यात साडेआठ वाजले. लेल्यांची जेवायची वेळ साडेआठ. ते उठून गेले, अर्धा धडा घेऊन.

पुढचा महिनाभर आळीने तो अर्धा धडा भोगला. पेपरवाल्याला लेले म्हणाले, ज्याला चार पानांचा पेपर वेळेवर आणता येत नाही, त्याला दिवाळी अंक कसा आणता येईल. जावयाला म्हणाले, ज्याला स्कूटर पेलत नाही त्याला संसार कसा पेलणार. मधेच एकदा आमटीत मीठ कमी पडलं, तेव्हा पत्नी विद्युल्लताबाईंना म्हणाले, जिला चिमूटभर मीठ लक्षात राहत नाही तिला घर काय लक्षात राहणार. बाईंनी दुसऱ्याच दिवशी गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि गरम पाण्याच्या कुंडांवर अकलोलीला निघून गेल्या. चांगल्या आठ दिवस राहिल्या.

आणि आता तोच अर्धा धडा कमळवर येऊन पडला होता. मंडळाचा निर्णय लेल्यांनी तिथेच जाहीर केला. रविवारी सकाळी दहा वाजता सभा. तोवर टोप आला नाही तर कमळचं काम सुटेल आणि प्रकरण पोलिसांत जाईल. "शिवाय पडघ्याच्या मंडळींना कळवावं लागेल. नैतिक जबाबदारी आहे."

कमळ पायरीवर बसली. "काम गेलं तं दुसरं बघीन. पोलिसांना पन बोलवा. पडघ्याला तेवढं कळवू नका, मास्तर. पोरीच्या अंगाला हळद लागायची हाय."

दानियालकाका पुढे झाले. "रविवारपर्यंत हे माझ्याकडे द्या."

"तुम्ही काय करणार?" लेल्यांनी विचारलं.

"तुमचा धडा अर्धा राहिलाय. पुरा करतो."

३

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर काका कमळबरोबर खोलीत गेले. दाराशी नवीकोरी लोखंडी जाळी बसवली होती. वर पत्र्याची पाटी: 'कै. विनायक लेले गुरुजी यांच्या स्मरणार्थ'. आत पातेली, पराती, पळ्या ओळीने. कोपऱ्यात शहाबादी फरशीवर एक मोठं गोल वर्तुळ. वर्षानुवर्षं टोप तिथे पालथा घातलेला, त्याच्या तोंडाचा तो काळपट शिक्का.

"वाटीचं काय झालं होतं?" काकांनी विचारलं.

"हनुमान जयंतीची खीर उरली व्हती. सासू घरात पडून, हौसा म्हातारी. तिच्यासाटी वाटीत नेली. दुसऱ्या दिशी आनायची ऱ्हायली. चौथ्या दिशी मास्तरांनी पळ्या-वाट्या मोजल्या, आन आले घरी. वाटी चुलीपाशीच व्हती, नाव वर करून."

"मग?"

"माफी लिवून घेतली. मास्तर सांगत गेले, मैना लिवत गेली, मी आंगठा दिला. मंग सभेत वाचली, सगळ्यांसमोर. आन ही जाळी लावली."

"जाळी लागली तेव्हा टोप कुठे होता?"

"केसरीनाथशेठकडं, नारपोलीला. वास्तुशांत व्हती. तो परत आला मंगळवारी, आज धा दिवस झाले. मी नव्हती, मैनाच्या साड्या घ्यायला गेलती. मास्तर म्हनले, ठेवून घेतला आत. मंग मुहूर्त न्हाय, काय न्हाय, खोली उगडलीच न्हाय कोनी."

"एवढा टोप तू घासतेस कसा? चौघांशिवाय उचलत नाही."

"उचलायचा कशाला? गडगडत नेते नळाशी. पोरासारका येतो मागं."

काकांनी मान डोलावली. डोलावली, पण लक्ष दिलं नाही. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे त्यांनाही ते लक्षात ठेवावं लागलं.

त्यांची नजर जाळीवर होती. जाळीवरून वर्तुळावर गेली, वर्तुळावरून जाळीवर आली. मग ते लगबगीने घरी टेप आणायला गेले. टेप घेऊन बाहेर आले तोवर सूर्य गोदामांच्या मागे गेला होता.

इथे एक अडचण सांगायला हवी. शब्बाथला माप घ्यायचं नाही असा त्यांच्यात नियम आहे. सरकारने तीस वर्षं त्यांना शनिवारीच मापं घ्यायला लावली होती, म्हणून निवृत्तीच्या दिवशी काकांनी देवाला शब्द दिला होता: शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत हातात टेप धरणार नाही.

त्यांनी टेप खिशातून काढून ट्रंकेत ठेवला. उरला होता एक शनिवार, आणि तो नुसत्या कानांनी काढायचा होता.

४

नारपोलीपर्यंत काका चालत गेले. केसरीनाथ भोईर नव्या बंगल्याच्या व्हरांड्यात सदऱ्याची बटणं उघडी टाकून बसले होते. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता त्यांची पाच गोदामं उभी होती, आणि पाच गोदामं असलेला माणूस पितळेचा टोप चोरत नाही असं आळीचं मत होतं.

"या साहेब. माज्यावर संशय हाय ना? घ्या झडती. माज्या सासऱ्यानंच दिलाय तो टोप मंडळाला, मी कशाला ठेवू?"

"संशय नाही, शेठ. फक्त सांगा, परत केला तेव्हा काय झालं?"

"टेम्पोतून चार मानसं पाठवली. त्यांनी पायरीवर ठेवला. मास्तर तिथंच व्हते. टेम्पो दुसऱ्या शिफ्टचा माल न्यायला जायचा व्हता, मानसं लगेच फिरली."

"आत नाही ठेवला?"

"म्हनले असते तं ठेवला असता. मास्तर म्हनले, ऱ्हाऊ द्या, तुम्ही जा."

शेजारच्याच गल्लीत तुळशीरामचं वेल्डिंगचं दुकान. मंडळाची जाळी त्याने केलेली. दोन दिवस तो त्या खोलीत एकटाच काम करत होता, त्यामुळे आळीच्या संशयितांत त्याचा नंबर दुसरा. काकांना पाहताच तो तडक म्हणाला, "काका, माझ्याकडे लोखंड आहे. पितळेला मी हातबी लावत नाय."

"जाळीचं माप कुणी दिलं?"

"मास्तरांनी. कागद नाय, इंच नाय, कापड दिलं. म्हणाले एक पन्हा रुंदी, बरोबर एवढीच. मी तंतोतंत केली. वाटलं तर बघा."

भिवंडीत फूटपट्टी कुणाला लागत नाही. दार असो, पलंग असो, कबर असो, इथे सगळं कापडाच्या पन्ह्यात सांगतात. तुळशीरामने खुंटीवरचा तुकडा काढून दिला. काकांनी तो उलगडून धरला. पांढरंशुभ्र, मऊ, अंगाला लावावं असं कापड.

"हेच दिलं होतं?"

"हेच. का? चांगलं आहे की."

"फार चांगलं आहे," काका म्हणाले. लूमवरून उतरलेलं कोरं कापड कसं असतं ते भिवंडीत जन्मलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खळीने ताठ, पिवळट, आणि घातलं तर पापडासारखं मोडेल असं. हे कापड मोडत नव्हतं.

५

दुपारी चारला काका लेल्यांकडे गेले. लेल्यांचं घर भांडी मंडळाच्या खोलीसमोरच, वीस पावलांवर. ओटीवर नवी गोल बैठक होती. वर गादी, गादीवर फुलाफुलांची चादर, चादर सगळीकडून जमिनीला टेकलेली.

"बसा. नवी आहे," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "मी अकलोलीहून आले तर ही इथे. कुठून आणली सांगत नाहीत. खालून केर काढू देत नाहीत. परवा चादर धुवायला काढत होते तर माझ्या अंगावर धावून आले."

"पाठीला बरी असते," लेले म्हणाले.

काका बसले. बैठक कडक होती आणि दोन बाजूंना चादरीखाली काहीतरी टोचत होतं, हत्तीच्या कानांसारखं. बाहेर दोनशे लूम एका सुरात खटखटत होते.

"मास्तर, टोप खोलीत कुणी ठेवला?"

"केसरीनाथच्या माणसांनी. माझ्यादेखत. चौघांनी उचलून."

"तुम्ही पाहिलंत?"

"गणिताच्या मास्तराला चार मोजता येतात, झिराडकर."

विद्युल्लताबाईंनी पाण्याचा तांब्या आणला. समोर टेबल नव्हतं, म्हणून काकांच्या शेजारी, बैठकीच्या कडेला गादी जरा सरकली होती तिथे त्यांनी तो टेकवला. त्याच क्षणी वीज गेली. भिवंडीत वीज गेली की अंधार पडायच्या आधी शांतता पडते. सगळ्या लूमचा श्वास एकदम अडकला, आणि त्या शांततेत तांब्या टेकल्याचा आवाज आला.

टण्ण्ण.

बराच वेळ आला. थांबायला तयारच होईना.

"देवळात कुणीतरी घंटा वाजवली," लेले म्हणाले.

"आमच्या ओटीवर?" विद्युल्लताबाई म्हणाल्या.

काका पाणी प्याले. तीस वर्षांत पितळेचा आवाज ओळखण्यात त्यांची एकदाही चूक झाली नव्हती. खिशाकडे हात गेला, पण टेप ट्रंकेत होता आणि चांदण्या उगवायला तीन तास होते. शिवाय कुठे, हे कळलं होतं. का, हे अजून कळलं नव्हतं. गणिताचा मास्तर टोपावर गादी घालून अकरा दिवस कशाला बसेल?

"वहिनी," उठता उठता त्यांनी विचारलं, "अकलोलीला जायच्या आधी घरात कोऱ्या कापडाचा एक तुकडा होता का?"

बाई उत्तर द्यायच्या आत लेले म्हणाले, "आम्ही कापड ठेवत नाही."

६

रविवारी दहा वाजता खोलीसमोर सगळी आळी जमली. सभेसाठी आळीतले लूम तेवढ्यापुरते बंद ठेवले होते. केसरीनाथ आले, तुळशीराम आला. कमळ खांबाला टेकून उभी होती. तिच्या मुठीत मैनाच्या लग्नाची पत्रिका होती, पडघ्याच्या मंडळींच्या नावाने छापलेली.

लेल्यांनी सुरुवात केली. "शितावरून भाताची परीक्षा. वाटीवरून..."

"शितावरून भात शिजला की नाही ते कळतं, मास्तर," दानियालकाका म्हणाले. "टोप कुणी नेला ते कळत नाही. पण कल वाहोमेरच लावायचा तर नीट लावू. कमळ, वाटी किती दिवसांत सापडली?"

"चार."

"कुठे?"

"चुलीपाशी. समोरच."

"मुठीत मावणारी वाटी जिला चार दिवस लपवता आली नाही, तिला चौघांशिवाय न उचलणारा टोप बारा दिवस लपवता येईल?"

लोक हसले. नापास झालेले जरा जास्त हसले.

"हा तर्क झाला," लेले म्हणाले. "पुरावा नाही."

"पुरावा मोजू." काकांनी टेप काढला. फरशीवरचं वर्तुळ मोजलं आणि मोठ्याने वाचलं: चाळीस इंच. मग जाळीचं दार मोजलं: सदतीस. टेप तसाच ताणून सगळ्यांना दाखवला. "जाळी बसली तेव्हा टोप नारपोलीला होता. परत आला तेव्हा जाळी बसलेली होती. चाळीस इंचांचा टोप सदतीस इंचांच्या दारातून आत गेलाच नाही. आणि जो आत गेला नाही तो आतून चोरीला कसा जाईल?"

मग ते केसरीनाथांकडे वळले.

"मास्तर म्हणतात, शेठच्या चार माणसांनी आत ठेवला."

"पायरीवर ठेवला," केसरीनाथ म्हणाले. "मास्तर, मी माज्या मानसांना आनू काय विचारायला?"

लेल्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. काकांनी पुढे काही विचारलं नाही. ते नुसते वळले आणि वीस पावलं चालून लेल्यांच्या ओटीवर गेले. आळी मागोमाग. विद्युल्लताबाई दारातच होत्या. काका काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे होऊन चादर ओढली, साठलेला सगळा राग काढून ओढली. गादी घसरली. खाली टोप पालथा. केसरीनाथच्या सासऱ्यांचं नाव, गाव आणि तिथी शीर्षासनात उभी, आणि त्याच्या वर उलटी सूचना: आत खरकटे ठेवू नये.

"मी यावर बसून हरिपाठ म्हणत होते," बाई म्हणाल्या.

लेले पायरीवर बसले. बोलले तेव्हा हेडमास्तरांसारखे बोलले नाहीत. "पातेल्याचं माप मी कोऱ्या कापडाने घेतलं होतं. एक पन्हा, बरोबर चाळीस इंच. वर दोन बोटं सोडायला मी तुळशीरामला सांगणार होतो, विसरलो. पण तरी एवढं कमी कसं आलं ते मला आजही कळत नाही."

"ते खुर्चीवरचं कापड?" विद्युल्लताबाईंनी विचारलं. "ते मी धुतलं. पुठ्ठ्यासारखं लागत होतं हाताला. धुवून, घडी करून तिथंच ठेवलं आणि अकलोलीला गेले."

तुळशीरामने कपाळाला हात लावला. "वैनी, कोरं कापड धुतलं की पन्ह्यात तीन इंच आत येतं. हे नारपोलीच्या शेळीलाबी म्हाईत आहे."

"दारावर वडिलांचं नाव," लेले म्हणाले. "उद्घाटनाला मी अर्धा तास भाषण केलं. विषय होता अचूकपणा. दुसऱ्याच दिवशी पातेलं आलं आणि आत जाईना. रस्त्यावरच्या चार हमालांना धरलं, त्यांच्याच्यानेही जाईना. म्हटलं, सध्या ओटीवर ठेवू, पुढे बघू. मग लोक म्हणाले चोरी. आणि मला ते बरं वाटलं."

"दार चुकलं, हे हलकं होतं, मास्तर," दानियालकाका म्हणाले. "त्यासाठी बाईवर आळ घेतलात, पोरीचं लग्न मोडायला निघालात, हे जड."

७

आता शिक्षेचा प्रश्न होता. केसरीनाथ म्हणाले, अध्यक्षपद काढा. तुळशीराम म्हणाला, जाळीवरची पाटी काढा. नापास झालेल्यांपैकी एक म्हणाला, पोलिसांत द्या, आणि दुसरा म्हणाला, आधी पाढे म्हणायला लावा.

कमळ खांबापासून पुढे आली. "मी बोलू? वाटी चार दिवस ठेवली, तं माज्याकडून माफी लिवून घेतली, सगळ्यांसमोर वाचली. टोप बारा दिवस ठेवला, आन वर आळ घेतला. वाटीला एवढं, तं टोपाला किती?" ती काकांकडे वळली. "हेच ना तुमचं ते कलम?"

"हेच," काका म्हणाले. "बिनचूक लावलंस. पण त्याला उत्तरार्ध आहे. मास्तर जेवायला उठले म्हणून तो सांगायचा राहिला, आणि एवढं रामायण झालं."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. मोशेची बहीण मिर्याम, ती भावाच्या पाठीमागे त्याची निंदा करते. देवाला राग येतो. देव म्हणतो, नुसता बाप तोंडावर थुंकला असता तरी पोरगी सात दिवस तोंड लपवून बसली असती. "आता लावा तुमचा नियम. बाप रागावला तर सात. देव रागावला तर?"

"चौदा तरी," तुळशीराम म्हणाला.

"देवाने सातच दिले. सात दिवस छावणीबाहेर, मग आत. आणि सगळी छावणी ती आत येईपर्यंत थांबली. यावरून आमच्या शास्त्र्यांनी शब्द काढला: दय्यो. म्हणजे पुरे. हलक्यावरून जड सिद्ध करा, पण हलक्यात जेवढं होतं तेवढंच जडावर ठेवा. वाटीवरून वाटीच सिद्ध होते. त्यापुढे एक चमचाही नाही. हे मास्तरांना ठाऊक असतं तर कमळ सुटली असती. आता तुम्हाला ठाऊक आहे, तर मास्तरांनाही तेवढंच द्या."

कमळने पत्रिकेची घडी नीट केली. बराच वेळ केली. मग म्हणाली, "माजं माफीपत्र फाइलीत असंल. तेच वाचू द्या त्यांना. वाटीच्या जागी टोप म्हना, झालं."

लेल्यांनी ते वाचलं. स्वतःच मैनाला सांगितलेलं पत्र होतं, म्हणून भाषा शुद्ध होती, आणि 'माझ्या हातून लोभापायी घडलेला हा हीन अपराध' हे वाक्य वाचताना त्यांना दोनदा थांबावं लागलं. टोपाच्या जागी ते पातेलं म्हणाले. तेवढं आळीने चालवून घेतलं. शेवटी त्यांनी अंगठाही दिला. सही करता येत होती, पण कमळचा अंगठा होता, म्हणून अंगठा.

पडघ्याला कुणी काही कळवलं नाही.

राहिला टोप. बुधवारपर्यंत तो खोलीत ठेवायचा होता, आणि दार सदतीस इंच. तुळशीराम जाळी कापायचं मशीन आणायला निघाला. काकांनी पुन्हा टेप काढला आणि कुठून किती कापायचं त्यावर लेल्यांशी चर्चा सुरू केली. लेले म्हणाले, डावीकडून दीड, उजवीकडून दीड. काका म्हणाले, वर दोन बोटं मोकळी हवीत. दोघे बरेच रंगले होते.

कमळने पदर खोचला. ओटीवर जाऊन टोपाची कडी धरली, एका हिसक्यात त्याला काठावर उभा केला आणि चाकासारखा गडगडत रस्ता ओलांडून आणला. पायरीपाशी तो जरा अडला, तिने गुडघा लावला. उभा टोप फार तर वीस इंच जाड. सदतीस इंचांच्या दारातून तो डावी-उजवीकडे न लागता आत गेला आणि आपल्या वर्तुळावर जाऊन पालथा पडला. टण्ण्ण.

"ते हमालही तेच म्हणत होते," लेले हळूच म्हणाले. "तिरछा करो, तिरछा करो. मीच ओरडलो, सीधा पकडो."

कमळ हात झटकत बाहेर आली. तिने लेल्यांकडे पाहिलं, मग काकांच्या हातातल्या लांबलचक टेपकडे पाहिलं.

"मास्तर शाळेत मोजायचे, त्यांना सुचलं न्हाय," ती म्हणाली. "मंग ज्यांनी तीस वरसं सरकारी मापं घेतली..."

"दय्यो, कमळ," दानियालकाका टेप गुंडाळत म्हणाले. "दय्यो."